नावाची कोहळी

कंपनीत मी लागलो त्या दिवशी साहेबांनी माझं नाव विचारलं नाही. हेडक्लार्कांनी विचारलं, पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. संध्याकाळी मी खोलीचं कुलूप उघडत होतो, तेव्हा कमरेवर टोपली घेतलेली एक ठेंगणी बाई समोर येऊन उभी राहिली.

"नाव काय तुहं?"

मी आडनाव सांगितलं.

"थे कचेरीतलं झालं. मायनं ठेवलं थे सांग."

मी ते सांगितलं. तिनं ते दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं, आणि बरं निघालं असावं, कारण पुढचा प्रश्न आला.

"कारलं खातं का तू?"

"नाही."

"मंग मेथी लावतो तुह्या नावानं."

ही बोलण्याची एक पद्धत असेल असं मला वाटलं. मी देशावरून नुकताच आलेला होतो आणि वऱ्हाडात बायकाही 'मी लावतो', 'मी जातो' म्हणतात याचंच मला अजून नवल वाटत होतं. पंधरा दिवसांनी तिनं मला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या तिच्या वाडीत नेलं आणि एका वाफ्यापुढे उभं केलं. त्यात मेथीची दोनदोन पानं वर आली होती. "हे तू," ती म्हणाली. शेजारच्या वाफ्यात वांगी होती. तो खजिनदार होता.

कंपनी कापसाची होती. तिचं जीन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आणि कचेरी वाशीमच्या बाहेर, मालेगावच्या रस्त्याला होती. कचेरीच्या आधारानं तिथे जी वस्ती उभी राहिली तिला लोक कंपनीपुरा म्हणत. छत्तीस कारकुनांची छत्तीस बिऱ्हाडं, एक खाणावळ, एक न्हावी, एक शिंपी आणि एक व्यायामशाळा, जिच्यात मी कोणाला व्यायाम करताना पाहिलं नाही. वाशीम चांगलं जुनं, मोठं गाव. पण आमच्या हेडक्लार्कांच्या मते ते कंपनीपुऱ्याचं उपनगर होतं. "गावात जाऊन येतो" असं कोणी म्हणालं की ते दुरुस्ती करत, "बाहेर जाऊन येतो म्हणा."

या सगळ्या मंडळींना भाजी पुरवायची ती रस्त्यापलीकडची माळीण. तिला सगळे नुसतं 'माय' म्हणत. वर्षाचा काय तो व्यवहार पाडव्याला एकदा व्हायचा, आणि मग वर्षभर रोज सकाळी दारात ज्याची त्याची भाजी येऊन पडायची. ज्याची त्याची म्हणजे खरोखरच ज्याची त्याची. वाडीत प्रत्येक बिऱ्हाडाचे वाफे वेगळे. कोणाला काय सोसतं, कोणाच्या घरी म्हातारं माणूस आलं आहे, कोणाचं पोट बिघडलं आहे, त्याप्रमाणे पेरणी. त्यामुळे कंपनीपुऱ्यातल्या बातम्या आधी वाडीत उगवत. खजिनदारांच्या वाफ्यात आंबट चुका दिसला त्या दिवशी त्यांच्या बायकोला दिवस गेल्याचं पाणी भरणाऱ्या सगळ्या बायकांना कळलं. खजिनदारांना ते त्यानंतर चार दिवसांनी कळलं.

तिचं बोलणं तुटक असे, आणि एकदा बोललेलं ती पुन्हा बोलत नसे. साहेबांच्या बंगल्यावरचा खानसामा एकदा तिच्याकडे जास्तीची कोथिंबीर मागायला आला. "सायबासाठी आहे," तो म्हणाला. "सायबाचा वाफा थो पाय तिकडे," ती म्हणाली, "त्यात हाय तेवढी ने. बाकीची लोकाहिची हाय." खानसाम्यानं सांगून पाहिलं की साहेब नाराज होतील. तिनं खुरपं न थांबवता सांगितलं, "वेलाले कचेरी कळत नाही, बापा." हे वाक्य कंपनीपुऱ्यात म्हणीसारखं फिरू लागलं. बढती चुकलेले लोक ते विशेष वापरत.

पण तिचं खरं वेड म्हणजे कोहळी. आमच्याकडचा लाल भोपळा तो इकडचं कोहळं. भाद्रपदात वेलावरची फळं नारळाएवढी झाली की माय प्रत्येक बिऱ्हाडासाठी एकेक फळ निवडायची आणि बाभळीच्या काट्यानं त्यावर घरधन्याचं नाव कोरून घ्यायची. कोवळ्या सालीतून चीक यायचा, तो वाळायचा, आणि मग फळाबरोबर नावही वाढायचं. कार्तिकात कोहळं पिकून घागरीएवढं झालं की त्यावर बोटभर जाडीची, खरबरीत, पांढुरकी अक्षरं उठलेली असत. लिहिता येत नसल्यामुळे ती कोरण्याचं काम कारकुनाकडून करून घ्यायची. पूर्वी ते कोण करत असे मला ठाऊक नाही. मी आल्यावर ते माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि रविवारी मला विचारणारं घरी कोणी नव्हतं. मी वेलांत उकिडवा बसून कोरायचो आणि ती मागे उभी राहून सांगायची, "हे खजिनदाराचं. हे गनूचं." गणू म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांच्या आईनं ठेवलेलं नाव तिनं त्यांच्याकडून केव्हा आणि कसं काढून घेतलं होतं, हे कोडं मला कधी सुटलं नाही. मी अर्थात गणू कोरत नसे. पूर्ण नाव कोरत असे. मला नोकरी करायची होती.

या देण्याला एक अट होती. कोहळं खाल्लं की त्याच्या बिया धुवून, राखेत घोळून, वाळवून तिच्याकडे परत द्यायच्या. त्याच पुढच्या वर्षी लागत. ज्यानं बी दिलं नाही त्याचं नाव पुढच्या साली वेलावर नाही. तिचा हिशेब असा सरळ होता.

इकडे अशी रीत आहे की अख्खं कोहळं बाईनं आधी चिरायचं नाही. पहिला घाव घरातल्या पुरुषानं घालायचा. त्यामुळे कार्तिकातल्या एका रविवारी कंपनीपुऱ्यातले छत्तीस पुरुष आपापलं नाव पुढ्यात घेऊन विळीवर बसलेले असत. बहुतेक जण डोळे मिटून घाव घालत. हेडक्लार्कांना मात्र स्वतःच्या नावावर घाव घालणं जमेना. त्यांनी नावाच्या भोवतीनं कापत कापत नाव तेवढं शिल्लक ठेवलं. ती फोड तीन दिवस फळीवर होती. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोनं ताटात वाढताना सांगितलं, "आज तुमचीच भाजी केली आहे."

हेडक्लार्क तसे वाईट नव्हते. त्यांना फक्त सगळ्या गोष्टी योग्य क्रमानं लागलेल्या आवडत. एका वर्षी जावक कारकुनाचं, म्हणजे माझं, कोहळं त्यांच्यापेक्षा मोठं निघालं. पुढच्या भाद्रपदात त्यांनी मला बोलावून घेतलं.

"यंदा माझ्यासाठी सर्वांत मोठं फळ निवडा," ते म्हणाले. "आणि नुसतं नाव नको. नाव, परीक्षा, हुद्दा आणि खाली कंपनीचं नाव. माणसाच्या दारात वस्तू येते तेव्हा ती कोणाच्या दारात आली हे कळलं पाहिजे."

मी सर्वांत मोठं फळ निवडलं आणि सांगितलं तसं सगळं कोरलं. चार ओळी झाल्या. माय मागे उभी राहून पाहत होती, एवढंच म्हणाली, "लय टोचून राह्यला रे त्याले." कार्तिकात बाकीची कोहळी घागरीएवढी झाली. हेडक्लार्कांचं, चारही ओळींसकट, होतं तेवढंच राहिलं. अक्षरं मात्र सगळी वाचता येत होती. त्यांनी मला लेखी खुलासा मागितला. मी मायला विचारून लिहून दिला: 'फळाने एक तर वाढावे किंवा टोचणे सहन करावे, दोन्ही एका वेळी होत नाही.' तो खुलासा दप्तरी दाखल झाला. पुढच्या वर्षी हेडक्लार्कांनी परीक्षा आणि कंपनी गाळली.

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे त्या वर्षी रविवारी मी छत्तीस नावं कोरून संपवली आणि मंगळवारी कचेरीच्या फळ्यावर हुकूम लागला. जीन इथेच राहणार, हंगामापुरतं. कचेरी मात्र दसऱ्याच्या आत अकोल्याला जाणार. अकोल्याला रेल्वे होती, कापसाचा मोठा बाजार होता, आणि कंपनीनं तिथे दुमजली इमारत घेतली होती. हेडक्लार्कांनी आम्हाला जमवून भाषण केलं. त्यात ते असंही म्हणाले की या गोष्टीचा वाशीमकरांनी कमीपणा वाटून घेऊ नये. वाशीमकरांना त्या वेळी ही गोष्ट कळलेलीही नव्हती.

कंपनीपुऱ्याला मात्र ती लगेच कळली. शेवटच्या आठवड्यात खाणावळवाल्यानं न मागता वरणावर तूप वाढलं, तेव्हा आमची खात्री पटली की आता सगळं संपलं. शिंप्याकडे आमचे बारा कोट अर्धे शिवून पडले होते. हा शिंपी म्हणजे एक उंच, गंभीर चेहऱ्याचा मुसलमान. त्याला सगळे चाचा म्हणत. तो दारोदार फिरून विचारू लागला, "बाबूजी, बाही लावू का नको? लावली तर तुम्ही घेऊन जाणार. नाही लावली तर मी घालणार कोणाले?" त्यानं वाशीममध्ये दुकानाची जागा पाहून ठेवली होती. न्हावी तर मालेगावला निघूनही गेला. जाताना त्यानं सगळ्यांचे केस इतके बारीक कापले की आम्ही सगळे घरातलं कोणी गेल्यासारखे दिसत होतो.

माय हेडक्लार्कांकडे गेली, तेव्हा मी तिथेच कागद बांधत होतो.

"कचेरी काहून नेऊन राह्यले?"

"वरून हुकूम आहे, माय."

"मंग वरच्याहिले लिहा का कार्तिकात न्या. फळं कवळे हायेत."

"भोपळ्यासाठी कंपनी थांबत नसते."

"कंपनीले कोन थांबवून राह्यलं? थे जाऊ द्या. तुमी थांबा म्हनतो मी."

हेडक्लार्कांनी दौतीचं झाकण लावलं. ती तशीच परत निघाली, आणि मी उगाच तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेलो.

"वाशीमचा बाजार मोठा आहे," मी म्हणालो. "छत्तीस घरं गेली तरी तिथे शंभर गिऱ्हाइकं मिळतील."

ती थांबली. "माही माय बाजारात बसे. चाळीस वर्षं बसली. येनारा वांगं उचले, अंगठा दाबून पाहे, टाकून दे. बसनारीच्या तोंडाकडे कोनी पाह्यलं नाही. तिले बी लोकाहिचे हातच तेवढे ठाऊक. मराले टेकली तवा मले म्हने, पोरी, मी एवढ्या लोकाहिले खाऊ घातलं, पन कोन व्हते थे नाही ठाऊक." मग टोपली सावरून म्हणाली, "मी बाजारात बसत नसतो, बाबू. वाडी इकीन, पन बसनार नाही."

हे ती एकदाच बोलली.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस आमच्या गाड्या निघाल्या. कपाटं, दप्तरं, हेडक्लार्कांची खुर्ची, आणि तिच्यावर दुसरं कोणी बसू नये म्हणून तिच्यावर बसलेला शिपाई. रस्त्यावरून वाडी दिसत होती. पानं सुकायला लागल्यामुळे फळं उघडी पडली होती, आणि त्यांवर आमची नावं लांबूनही वाचता येत होती. आम्ही अकोल्याला निघालो आणि आमची नावं मागे वाढत राहिली.

पुढचं मला तिच्या भावाकडून कळलं. हा भाऊ किन्हीराजा गावचा. तिच्या मोटेला बैल त्याचेच. मनानं इतका सरळ की त्याच्याकडून खोटं सोडाच, अर्धं खरंसुद्धा बोलवत नसे. कार्तिकात कोहळी पिकली. घरं रिकामी. माय बाजारात बसणार नव्हती. पण भावानं बसायला तिची हरकत नव्हती. तेव्हा तो चार कोहळी आणि थोडा पालक घेऊन वाशीमच्या आठवडी बाजारात जाऊन बसला.

पहिल्याच बाईनं कोहळं उचललं, अक्षरं पाहिली आणि खाली ठेवलं. "ह्याच्यावर कोनाचं नाव हाय?"

"खजिनदाराचं," भाऊ म्हणाला.

"थो कुठं हाय?"

"दसऱ्यापासून दिसला नाही."

कंपनीपुऱ्यात आम्हाला कधी सुचलं नव्हतं, पण गावात प्रत्येकाला ठाऊक होतं की कोहळ्यावर माणसाचं नाव कशासाठी कोरतात. ज्याचं वाईट करायचं त्याचं नाव कोरायचं आणि कोहळं चव्हाट्यावर नेऊन फोडायचं. बघता बघता गर्दी जमली. लोक दोन हात लांब उभे राहून वाचू लागले. कोणीतरी दुसऱ्या कोहळ्यावर हेडक्लार्कांचं नाव वाचलं, हुद्द्यासकट, आणि गर्दी अजून दोन हात मागे सरली. एवढ्या मोठ्या माणसावर करणी करणारा साधा माळी नसणार. तेव्हा भावानं लोकांची समजूत घालायची म्हणून सांगितलं, "घाबरू नका. घरी अजून बत्तीस हायेत."

त्या दिवशी त्याचा पालकही कोणी घेतला नाही. हवालदारानं चारही कोहळी पुन्हा गाडीत ठेवायला लावली, आणि गाडीला हात लावायला लागू नये म्हणून काठीनं रस्ता दाखवला.

भावानं घरी येऊन सगळं सांगितलं. तो म्हणतो, माय खूप वेळ हसली. मग म्हणाली, "ज्याचं त्याले द्या लागंन. बैलाहिले पेंड चार."

वाशीमहून अकोला म्हणजे मालेगाव, मेडशी, पातूर, मध्ये घाट. बैलगाडीला तीन दिवस. गाडी आमच्या नव्या कचेरीच्या फाटकाशी पोचली त्या दिवशी नेमके मुंबईहून मोठे साहेब इमारत पाहायला आले होते. हेडक्लार्कांनी आठ दिवस खपून समारंभ बसवला होता. खालच्या दालनात आम्हा सर्वांना हुद्द्याप्रमाणे ओळींत बसवलं होतं, समोर लाल कापड घातलेलं टेबल, त्यामागे मोठे साहेब, आणि हेडक्लार्क स्वागताचं भाषण वाचत होते. भाषण 'अशा या मंगल प्रसंगी' पर्यंत आलं होतं, तेवढ्यात मला माझं नाव ऐकू आलं. आडनाव नव्हे. आईनं ठेवलेलं.

अकोल्यात ते नाव कोणाला माहीत नव्हतं. महिनाभर मला कोणी त्या नावानं हाक मारली नव्हती, आणि मी विचार न करता उठून बाहेर गेलो.

फाटकावरच्या दरवानानं गाडी अडवली होती. माय गाडीत कोहळ्यांच्या मध्ये उभी होती. वाचता येत नसलं तरी प्रत्येक कोहळं तिला वेलावरून ठाऊक होतं. ती एक उचलायची, नाव घ्यायची आणि इमारतीकडे तोंड करून हाक मारायची. माझं माझ्या हातात देऊन तिनं खजिनदारांना हाक मारली. ते आले. मग टपाल नोंदणारे बारनिशी. मग कापसाची तोलणी लिहिणारे दोघे भाऊ. आत हेडक्लार्क वाचत राहिले आणि समोरच्या ओळी विरत गेल्या. शेवटी मोठे साहेबच उठले आणि आवाजाच्या दिशेनं बाहेर आले. त्यांच्यामागे, हातात भाषण घेऊन, हेडक्लार्क.

गाडीत एकच कोहळं उरलं होतं. तिनं ते उचललं आणि हाक मारली, "गनू!"

पस्तीस माणसं हातात पस्तीस कोहळी घेऊन उभी होती आणि एकही हललं नाही. हेडक्लार्क पुढे आले. भाषण काखेत धरून त्यांनी दोन्ही हातांनी कोहळं घेतलं. मग ते फिरवून त्यावरचं नाव आपल्याकडे केलं.

हा काय प्रकार आहे, असं मोठ्या साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं. मी सांगितलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं, आणि माझ्यामार्फत विचारलं की एखादं त्यांच्या नावाचं मिळेल का.

"घर कुठं हाय याहिचं?" मायनं विचारलं.

"मुंबईला."

"मंग नाही जमत. तेवढ्या दुरून बी परत कोन धाडंन?"

मी याचं भाषांतर जरा नरम करून केलं. साहेब हसले आणि आत गेले. माय गाडीतून उतरली नाही. चहाही घेतला नाही. तिनं सगळ्यांना एकदमच सांगितलं, "धुवून, राखेत घोळून, वाळवून. जीनवर डाक येते, तिच्यात टाकजा." आणि भावाला म्हणाली, "हान."

त्या वर्षी छत्तीसांपैकी एकवीस जणांनी बिया पाठवल्या. अकोल्याच्या घरांना अंगणं नव्हती, राख नव्हती, आणि बायकांना बिया भाजून पोरांना द्यायची सवय लागली होती. हेडक्लार्कांनी पाठवल्या नाहीत. त्यांना त्या दिवसाची आठवण काढलेली आवडत नसे. दुसऱ्या कार्तिकात भावाची गाडी एकवीस कोहळी घेऊन आली, नावं भावाच्या शाळकरी पोरानं कोरलेली. तिसऱ्या वर्षी चौदा. चौथ्या वर्षी माझ्या खोलीच्या मालकिणीनं माझ्या बिया उंदरांच्या भीतीनं टाकून दिल्या आणि मीही यादीतून गेलो.

त्यानंतरच्या कार्तिकात कंपनीनं मला कंपनीपुऱ्यातली उरलेली कपाटं मोजायला पाठवलं. तिथे आता काय उरलं असेल, अशा विचारानं मी गेलो. आणि वस्तीत शिरतो तो घरोघर धूर. आमच्या खोल्यांतून पिंजाऱ्यांच्या धनुकल्यांचा आवाज येत होता. जीनजवळ राहणं त्यांना सोयीचं होतं. व्यायामशाळेत रंगाऱ्यांनी कढया मांडल्या होत्या आणि दोरीवर लुगडी वाळत होती. चाचा आपल्या जुन्याच दुकानात, आता जरा पोट सुटलेला.

"तुम्ही वाशीमला जाणार होतात ना?"

"मशीन गाडीवर चढवलं होतं, बाबूजी," चाचा म्हणाला. "तर ही बुढी आली. हातात लिंबाएवढं कोहळं, वेल न तोडता रस्त्यापलीकडून ओढत आणलेलं. म्हणे, तुहं नाव लिही. मी म्हटलं, माय, मी कंपनीचा थोडीच आहे? इतकी वर्षं कधी माझं नाव टाकलं नाहीस. म्हणे, आता कंपनी नाही, आता टाकतो. मी काट्यानं लिहिलं, उर्दूत, मले तेच येते. म्हणे, आता हे पिकेपर्यंत हलायचं नाही." त्यानं सुईत दोरा ओवला. "आता सांगा. आपलं नाव वेलावर सोडून माणूस कसा जाईल? थांबलो. पिकेपर्यंत माझा मेहुणा पाहायला आला, पिंजारी आहे. खोल्या रिकाम्या, भाडं कमी. तो राहिला. मग त्याचा भाऊ. ती येऊन प्रत्येकाचं नाव विचारून जाते. आता एकोणतीस चुली आहेत."

मी रस्ता ओलांडून वाडीत गेलो. माय वाकून आळं करत होती. तिनं वर पाहिलं, ओळखलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "बी कुठं हाय तुहं?"

मी उंदरांचं सांगितलं.

"मंग औंदा तुहं नाव नाही."

खरंच नव्हतं. वेलांत फिरून मी पाहिलं. बरीच नावं उर्दूत होती. चाचानं कोरलेली, मोठी झालेली, वळणदार, आणि मला त्यातलं अक्षरही वाचता येईना.

"माय, हे कोणत्या बाजूनं वाचायचं?"

"कोहळं गोल हाय, बाबू," ती म्हणाली. "कोनत्याई बाजूनं वाच."

निघताना तिनं पाहुणा म्हणून मला कोहळ्याची एक मोठी फोड दिली, बियांसकट. तेव्हा इतक्या वर्षांत न सुचलेला प्रश्न मला सुचला.

"माय, तुझं नाव काय?"

तिनं खुरपं थांबवलं. ते थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "तुले कायले पायजे?" ती म्हणाली. "तू थोडीच कोहळे लावतं." पण चेहऱ्यावरून मला वाटलं की तिला बरं वाटलं.

"बाजारात बसलीस का कधी?" मी विचारलं.

"हट्," ती म्हणाली.

अकोल्याला येऊन मी बिया धुतल्या, खाणावळीतून राख मागून आणली, आणि कचेरीच्या खिडकीत, जिथे माझ्या मालकिणीचा हात पोचणार नाही अशा जागी, कागदावर पसरल्या. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत हेडक्लार्क माझ्या टेबलाशी आले. पुढच्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते. त्यांनी बियांकडे पाहिलं, मग दाराकडे.

"हे तिकडे पाठवायचं असतं, नाही का?"

"हो."

"माझ्याकडे नाहीत," ते म्हणाले. "एकदाही पाठवल्या नाहीत."

मी माझ्यातल्या निम्म्या दुसऱ्या कागदावर काढल्या. त्यांनी त्या स्वतः पुडीत बांधल्या, कंपनीच्या पाकिटात घातल्या, आणि सवयीनं पाकिटावर नाव आणि हुद्दा लिहिला. मग हुद्दा खोडला. थोडा वेळ थांबून आडनावही खोडलं.

"नुसत्या नावावर पोचेल का?"

"कोणत्या नावावर?" मी विचारलं. माझ्या मनात खोडी नव्हती असं मी म्हणणार नाही.

ते कोट सारखा करत म्हणाले, "तिला माहीत आहे."

पुढच्या कार्तिकात गाडी आली. त्या खेपेतलं सर्वांत मोठं कोहळं हेडक्लार्कांचं होतं. दोन माणसांनी उचलून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यावर एकच शब्द होता, आणि तो चाचाच्या हातचा, उर्दूत. हेडक्लार्कांनी चष्मा लावला, कोहळं डावीकडून फिरवलं, उजवीकडून फिरवलं.

"हे वाचायचं कुठून?"

"कोहळं गोल आहे," मी म्हणालो.

त्यांनी खुलासा मागितला नाही. कोहळं त्यांनी चिरलंही नाही. निवृत्त होईपर्यंत महिनाभर ते टेबलावर होतं, आणि लोक कागद घेऊन आले की ते त्याच्या पलीकडून बोलत. शेवटच्या दिवशी कंपनीनं त्यांना मानपत्र दिलं, चंदेरी किनारीचं, त्यावर त्यांच्या नावापुढे सगळे हुद्दे क्रमानं छापलेले. संध्याकाळी ते पायऱ्या उतरून गेले, ते मी माझ्या खिडकीतून पाहिलं. मानपत्र मागून येणाऱ्या शिपायाच्या हातात होतं. कोहळं त्यांनी स्वतः उचललं होतं.